दिवा लागेपर्यंत

मेहरूण, जळगाव
१८ जुलै १९९९

ती. भाऊ,

तुझा खोका पोचला. आत एक की-बोर्ड, एक सीडी आणि तुझं चार पानी पत्र. मी खोका उलटा करून झटकूनही पाहिला. तू नव्हतास.

चार पानांत साडेतीन पानं कर्नलबद्दल आणि उरलेल्या अर्ध्यात नाना. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तो आपल्या यंत्राला बेतून आपल्या हातांनी बांधायचा असतो, आणि त्यात यूएसबीचा आधार घातला नाही तर हा की-बोर्ड म्हणजे नुसता पाट, एवढं मला कळलं. बाकीचं समजून घ्यायला वेळ लागेल. मी वर्ड आणि टॅली शिकवणारी बाई आहे. इंजिनं बांधणारी नाही.

विंडोजवर हा की-बोर्ड लावला असता तर दुपारपर्यंत चालू झाला असता. पण तू लिहिलेला तो मोठ्या अक्षरांचा प्रोग्राम लिनक्सवरच चालणार. तत्त्व तुझं आणि घाम माझा.

आता नानांचं. फेब्रुवारीत झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वाचा हळूहळू परतेल. परतली नाही. उजवा हात गेलेलाच आहे. डाव्या हाताची बोटं एका कळीवर टेकवायला गेलं की शेजारच्या चार कळा दाबल्या जातात, म्हणून साधा की-बोर्ड चालत नाही. तुझ्या या की-बोर्डच्या कळा लाडवाएवढ्या आहेत आणि वर भोकाभोकांची पट्टी आहे. तेवढी अक्कल तू लावलीस, हे मान्य करते.

मी आधी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली होती. नानांचं बोट 'प'वर गेलं की आई पाणी आणायची. पाय म्हणायचं असो की पंखा, पाणीच यायचं. मी तिला म्हटलं, पुरतं सांगू दे ना त्यांना. तर म्हणते, "इतला वरीसना संसार शे, त्यासले काय सांगनं शे ते माले बठ्ठं समजस." म्हणे सगळं कळतं तिला. नानांनी बिचाऱ्यांनी पाणी प्यायलं, पुन्हा प्यायलं, आणि मग पुठ्ठा भिरकावून दिला. त्यानंतर त्यांनी सांगायचंच सोडलं. तुला ठाऊक आहे, आपल्या आधी दुसऱ्याने आपलं वाक्य पुरं केलेलं त्यांना कधीच खपलं नाही.

म्हणून हे यंत्र हवं. ते अंदाज बांधत नाही.

आणि तुझी अट. तुझ्या लग्नाची तार आली त्या दिवशी नाना म्हणाले होते, "मी बलावसू तवयच ये." त्यांनी बोलावल्याशिवाय यायचं नाही, हेच तू तेव्हापासून धरून बसला आहेस. आई लिहिते ये, मी लिहिते ये, पण तुला नानांचा शब्द हवा. त्यांची जीभ गेली तरी तुला शब्दच हवा. भाऊ, बंगलोरची कर्नाटक एक्सप्रेस रोज जळगावला थांबते. त्यातून उतरायला कर्नल बांधावा लागत नाही.

पण बांधते. मलाही कळायचं आहे की त्यांच्या मनात काय आहे.

सुनंदा
(बेबा म्हणून सही करत नाही. रागावले आहे.)


मेहरूण
१ ऑगस्ट १९९९

ती. भाऊ,

तुझा कर्नल प्रश्न फार विचारतो. लग्न जमवायला आलेली माणसंसुद्धा इतके विचारत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं: वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही, आणि एम म्हणजे मॉड्यूल. हे एम मला आधी कळलंच नाही. मग तुझ्या पत्रात वाचलं, की वाय दिलं तर तो भाग गाभ्यातच राहतो, चोवीस तास. एम दिलं तर तो बाहेर राहतो आणि हाक मारली की येतो. छान सोय आहे. आपल्या घरात ही वाटणी कुणी न विचारताच झाली. मी वाय, तू एम. आणि तुला तर हाक मारूनही उपयोग नाही.

पहिला रविवार यूएसबीचा प्रश्न शोधण्यातच गेला. तो यादीत नव्हताच. मी डोळे फोडून वर-खाली पाहिलं. मग लक्षात आलं, अगदी सुरुवातीला तो विचारतो: अर्धवट, अजून पारखायचं काम दाखवू का? मी शहाण्यासारखं एन दिलं होतं. अर्धवट काम कशाला हवंय, घरात आहे तेवढं पुरे. तर यूएसबी त्याच अर्धवटात निघालं. तिथे वाय दिल्यावर तो प्रश्न उगवला, तोही वर इशारा घेऊन, की हे कच्च्या काळजाच्या लोकांसाठी नाही. असलं वाक्य लिहिणाऱ्याला एकदा आपल्या घरी आणायला हवं.

पुढे विचारलं, यूएसबीचा नियंत्रक कोणता, यूएचसीआय की ओएचसीआय? दोन पंथ आहेत म्हणे, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. तू लिहिलं होतंस की बोर्ड इंटेलचा आहे, म्हणून यूएचसीआय. मी ते दिलं. कर्नल बांधायला लावला. अर्ध्यात वीज गेली. पुन्हा लावला. बांधून झाला, मशीन बंद करून चालू केलं, तर जुनाच कर्नल उभा. नवा ठेवून दिला होता, पण लिलो चालवून 'आता हा सुरू कर' हे मशीनला सांगायचंच राहिलं. हस, हस. तुला हसायला बंगलोरात गार वारा आहे.

मग लिलोही चालवलं. नवा कर्नल उठला. की-बोर्ड मेलेलाच.

आणि नाना, भाऊ. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, पण खोका उघडताना त्यांनी पाहिलं. दर रविवारी सकाळी आंघोळ करून घेतात, पांढरा सदरा घालायला लावतात, गळ्यापर्यंत बटणं, जसे दीपनगरच्या वीज केंद्रात पहिल्या पाळीला जायचे तसे. खुर्ची यंत्रासमोर ओढायला लावतात. मी प्रश्न वाचते आणि वाय देते, तेव्हा डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर टक् करतात. मंजूर. एन दिलं की माझ्याकडे संशयाने पाहतात.

शेवटी मी म्हटलं, नाना, दाबून पाहा. त्यांनी एक कळ दाबली आणि दाबून धरली. तुला आठवतं ना? आपण लहानपणी दाराची घंटा वाजवून पळायचो तेव्हा ओरडायचे, की कंट्रोल रूममध्ये बटण दाबलं की दिवा लागेपर्यंत बोट उचलायचं नाही, दिवा लागला तरच पलीकडे काम झालं समजायचं. तसंच धरून बसले. पडद्यावर काही उमटलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

तुझी सूचना चुकीची आहे. दुसरी पाठव.

सुनंदा


मेहरूण
२२ ऑगस्ट १९९९

भाऊ,

तुझी सूचना चुकीची नव्हती. एक गोष्ट तुला कळवली नव्हती, ती आता लिहिते. मेमध्ये विजेचा दाब एकदम वाढला आणि तू पाठवलेल्या मशीनचा मदरबोर्ड जळला. आई म्हणाली त्याला कळवू नको, जीव लावून पाठवलंय. मी नवी पेठेतल्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा बोर्ड बसवून घेतला आणि विसरून गेले. यूएसबीचं भोक तेच, पण पंथ बदलला होता. मशीनलाच विचारलं तर त्याने सरळ सांगितलं: ओएचसीआय. मी तुझ्या कागदाला विचारत बसले होते.

ओएचसीआयला वाय दिलं. की-बोर्डच्या प्रश्नाला एम दिलं, कारण तूच लिहिलं होतंस, की बिनसलं तर एम काढून टाकता येतं. बांधला. लिलो चालवलं. या वेळी विसरले नाही.

आजचं सांगते. नाना समोर बसलेले, आई शेजारी. तुझा प्रोग्राम सुरू केला, पडदा काळा, वर मोठी रेघ. मशीनचं खोकं टेबलामागे आहे आणि तिथला प्लग सैल बसतो, म्हणून मी मागे जमिनीवर बसले, एका हाताने प्लग धरला, जुना की-बोर्ड मांडीवर घेतला आणि मॉड्यूलला हाक मारायची आज्ञा टाइप केली. मी हे सगळं करेपर्यंत नानांनी पलीकडून कळा दाबायला सुरुवातही केली होती. कळांचा खडखड आवाज येत होता. मग आई म्हणाली, "बेबा, उमटी ऱ्हायनं वं."

मी धावत पुढे आले. प्रत्येक अक्षर चार-पाच वेळा उमटलं होतं, कारण ते बोट लवकर उचलत नाहीत. ओळ अशी होती:

SSSSSHHHHEEEEE

मी आले तसा नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतला. पुन्हा दाबलं नाही. मी म्हटलं, पुढे? त्यांनी मान हलवली. झालं म्हणून.

म्हणजे SHE.

आईने विचारलं काय लिहिलं, मी सांगितलं नाही. पण तुला सांगते, कारण शब्द तुला हवा होता. इतक्या महिन्यांनी या माणसाला बोलायला मिळालं आणि पहिला शब्द काय काढला, तर 'ती'. इंग्रजीत, म्हणजे आईला कळू नये. ती कोण, ते मी लिहायला नको. यावलची मुलगी ठरवली होती, तू सरोजावहिनीशी नोंदणी करून मोकळा झालास, त्यांच्या मनात अजून तेच आहे. मला वाटलं होतं झटक्याने सगळं पुसलं असेल. पुसलं नाही.

आता तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण मला या सगळ्याचा फार कंटाळा आला आहे. तुझ्या अटीचा, त्यांच्या रागाचा, आणि मध्ये बसून प्लग धरण्याचा.

राखी या पाकिटात नाही. मनात आलं नाही.

सुनंदा


धुळे
११ सप्टेंबर १९९९

भाऊ,

तुझं उत्तर मिळालं. "कळलं. की-बोर्ड परत पाठवू नकोस." एवढंच. खाली वहिनीच्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ, की तू एकट्याने जावंस, ती तुझ्या आड येणार नाही. तुझी ओळ वाचून राग आला होता. तिची वाचून आला नाही.

आता हे पत्र उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

मी काल सुंदरफुईकडे धुळ्याला आले. फुईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय, आईला येता येत नाही, म्हणून नानांच्या बहिणीला भेटायला मी. एसटीतून उतरले, गल्लीत वळले, फुई ओट्यावरच बसलेली. मला पाहून काठी आपटत ओरडली, "माय वं, बेबा शे! नथ्थू कसा शे? जेवस का? लीलू कोठे शे?"

मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. फुई म्हणते, "काय व्हयनं? अशी काय उभी शे?"

शे, भाऊ. शे.

जन्मभर आई-नानांच्या तोंडून दिवसाला शंभरदा ऐकलेला शब्द. काय शे, कोठे शे, बरं शे. पण इंग्रजी अक्षरांत, यंत्राच्या पडद्यावर दिसला आणि मी ताबडतोब इंग्रजी बाई झाले. नाना इंग्रजी बोलले कधी? त्यांची इंग्रजी म्हणजे पॅनेलवरची अक्षरं. तुझ्या प्रोग्रामला देवनागरी येत नाही, म्हणून त्यांनी आपली अहिराणी त्या अक्षरांत बसवली. झटका येऊनसुद्धा ते बसवू शकले आणि माझं डोकं धडधाकट असून मला वाचता आलं नाही. आईला समजतंच म्हणून मी चिडत होते. मी तिच्यापेक्षा वाईट निघाले. तिने निदान पाणी तरी आणलं होतं.

आणि दुसरं. नुसतं 'शे' कुणी म्हणत नाही. 'आहे' एवढंच म्हणून कुणी गप्प बसतं का? आधी काहीतरी होतं. मी टेबलामागे बसून मॉड्यूलला हाक मारत होते, तोवर त्यांनी जे दाबलं ते कुठेच पोचलं नाही. एम दिलं होतं ना मी. हाक मारेपर्यंत तो बाहेरच. त्याला ऐकू आलं तेव्हा वाक्य संपत आलं होतं. वाक्याचं शेपूट माझ्या हातात आलं आणि मी त्यावरून वहिनीला फाशी दिली.

ते काय विचारत होते ते मला माहीत नाही. फुईने तुझं विचारलं तेच असणार, लीलू कोठे शे. दुसरं काय असेल? उद्या घरी जाते. की-बोर्डला वाय देते. वहिनीला हे पत्र आधी वाचायला दे. तिची माफी मी मागते आहे, तुझी नाही.

सुनंदा


मेहरूण
१९ सप्टेंबर १९९९

प्रिय भाऊ,

बांधला. अर्धवटाला वाय, यूएसबीला वाय, ओएचसीआयला वाय, की-बोर्डला वाय. बाहेर काही ठेवलं नाही. मशीन उठतं तेव्हाच की-बोर्ड जागा असतो.

आज नाना नेहमीसारखे सदरा घालून बसले. मी प्रोग्राम सुरू केला आणि प्लग दाबून धरायला टेबलामागे गेले. या वेळी काही टाइप करायचं नव्हतं, नुसती बसले आणि ऐकत राहिले. त्यांना फार वेळ लागला. एकेक कळ, मग थांबणं, मग पुढची. आई मध्येच काही बोलायला लागली तर मी मागूनच म्हटलं, "माय, त्यासले करू दे." कळांचा आवाज थांबला तशी मी पुढे आले.

BBBBEEEEBBBBAAA KKKOOOOTTTHHHEEE SSSSHHHEEEE

मी ते मोठ्याने वाचलं. बेबा कोठे शे.

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतला. त्या दिवशीसारखाच. मी समोर आले होते, प्रश्न संपला होता.

भाऊ, हे दोन महिने मी या खोलीत असून त्यांना दिसत नव्हते. रविवार आला की टेबलामागे. एरवी तुझ्या कागदात डोकं, नाहीतर क्लासला. आधी रोज संध्याकाळी त्यांना तलावाकडे खुर्चीतून नेत होते, तेही बंद केलं होतं. त्यांना बोलतं करायचं म्हणून. मी समजत होते या घरात सगळे तुझीच वाट पाहतात. मी तुला पत्रांमागून पत्रं लिहिली, ती तुझ्याच बाजूने आणि तुझ्याच विरुद्ध. माझं नाव त्यात येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. आईने पाणी आणलं. या वेळी ते मला हवंच होतं.

हे पत्र इथे संपवता आलं असतं. त्यांनी तुला बोलावलं नाही, माझं नाव घेतलं, नमस्कार. खरं सांगते, मला तसं करावंसं वाटलं. एक दिवस तरी तो पडदा माझा राहू द्यावा. पण वहिनीची ती ओळ माझ्या पाकिटात होती, आणि तिला मी नको तो शब्द पाठवला होता.

म्हणून जेवणं झाल्यावर मी त्यांच्या शेजारी, त्यांना दिसेन अशी बसले. प्लगला खाली पुस्तक टेकवलं. आणि विचारलं, "नाना, लीलूले बलावू का? आनि वहिनीले?"

आई तोंडावर पदर धरून उभी. मी तुला आधीच सांगते, माझ्या मनात एका कोपऱ्यात एन होतं. असावं अशी इच्छा नव्हती, पण होतं.

नाना पडद्याकडे बघत राहिले. मग हात उचलला. तो की-बोर्डवर इकडून तिकडे फिरला, वायवर आला आणि टेकला. मी इतके रविवार प्रश्न वाचून वाय देत होते, ते त्यांनी पाहिलं होतं. हो कुठल्या कळीवर असतं ते त्यांना ठाऊक होतं.

पहिला वाय उमटला. मी म्हटलं, "उमटनं, नाना." बोट तिथेच. दुसरा, पाचवा, दहावा, ओळ भरली, दुसरी ओळ सुरू झाली. मी म्हटलं, "नाना, एकदा पुरे. पोचलं." त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. वाय वाहत होते, पडदा भरून वर सरकत होता, पहिलं माझं नाव वर जाऊन दिसेनासं झालं. मला वाटलं बोट अडकलं, मी हात धरायला गेले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं आणि की-बोर्डकडे पाहिलं. सगळीकडे शोधत होते. तेव्हा मला कळलं. दिवा लागला नव्हता.

वायला दिवा नसतो, भाऊ.

ते सगळं फाइलमध्ये साठलं आहे. क्लासच्या प्रिंटरवर छापून सोबत पाठवते आहे. माझ्या नावाची ओळ मात्र कापून ठेवली, ती मला हवी. बाकी सगळे वाय तुझे आणि वहिनीचे. तुला त्यांचा शब्द हवा होता ना. राखीही घातली आहे, उशिरा आली म्हणून परत करू नकोस.

कोणत्या दिवशीच्या कर्नाटकने येताय ते कळवा. दोघंही.

बेबा